चेपलेल्या दातांची अळंबी

मित्रांनो, कागदी पाकिटात वाळून कडक झालेली मी एक रानटी अळंबी आहे. देवाने माझ्या टोपीखाली बारीक दात दिले. चावायला नव्हेत हो, त्यांवरून माझे बीजाणू वाऱ्यावर सुटतात. इतर अळंब्यांना तिथे पापुद्रे असतात, नाहीतर छिद्रं. आमचं कूळ शोधताना आधी टोपीखाली बघतात ते यासाठीच.

मला जंगलातून आणणारे गृहस्थ फुलांचे जाणकार होते. त्यांनी मला फुलासारखंच रद्दीत घालून वर वजन ठेवलं. हेतू चांगला, पण माझे दात भुईसपाट झाले. पुढे वनस्पतींच्या संग्रहालयात कोणीतरी मला छिद्रवाल्या अळंब्यांच्या कप्प्यात ठेवलं. परक्या घरात मी वर्षानुवर्षं गप्प राहिले. दरम्यान माझं जंगलही तोडलं गेलं.

मग जागा अपुरी पडू लागली आणि जास्तीचे नमुने टाकायचं ठरलं. विभागप्रमुखांनी मला उचललं. "हिच्याहून चांगल्या आहेत आपल्याकडे. ही तर चपलेखाली आल्यासारखी दिसतेय."

"सर, हिच्यात छिद्रांच्या कडाच दिसत नाहीत. दातांची असेल," नमुने सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या.

"असेल-नसेल नको, ताई. दात दाखवा. संध्याकाळी कचऱ्याची गाडी येतेय."

"दाखवते," ताई हळूच म्हणाल्या.

त्यांनी माझ्या कडेचा कण पाण्याच्या थेंबात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. नुसता चेंदा. दुसराही तसाच. कणागणिक मी कमी होत होते, पण मीही हट्टाला पेटले होते. घे बाई, आणखी घे, पण सोडू नकोस.

दाबताना माझी टोपी देठापाशी दुमडली होती. ताईंनी तिथे थेंब थेंब पाणी सोडलं. दुमड सैल झाली. आत, वजनापासून वाचलेले दात ताठ उभे होते.

विभागप्रमुख भिंगावर वाकले ते बराच वेळ वर बघेनात.

"मग सर, गाडीत टाकू?"

"आता मलाच टाका गाडीत," ते म्हणाले. "हिला दातवाल्यांत ठेवा."

मित्रांनो, कूळ सापडलं, नेमकी जात अजून ठरायची आहे. तुम्हाला रानात अळंबी दिसली, तर उपटू नका. वाकून तिच्या टोपीखाली बघा. कोणालाही वरवर पाहून नाव देऊ नका. त्या जंगलातली मी एकटीच उरले आहे, तेव्हा मला टिकायलाच हवं. उद्या ताई आणखी एक कण घेणार आहेत. खुशाल घेऊ देत, माझ्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे.