पडकौल

सावळेरामची धाकटी लेक इंद्रायणी नांदायला गेली ते साल दोन हजार चोवीस. त्याच पावसाळ्यात आहुप्याकडच्या त्यांच्या वाडीच्या देवराईत एक जुना ऐन उन्मळून पडला. देवराईतलं झाड पडलं तरी जागीच कुजायचं, काडीही घरी न्यायची नाही, हा वाडीचा नेम. कुणाची फारच अडचण असली तर देवापुढं कौल लावायचा. तो मान सावळेरामच्या घराचा.

पुतण्या भरतला पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. ऐनावर त्याचा डोळा होता. पण चुलत्याकडं कौल मागायला तो आलाच नाही. त्यानं देवळात माणसं गोळा केली आणि मोबाइल वर धरला.

"ऐका राव. पडकौल. झाड आपसूक पडलं, म्हंजी देवानंच कौल दिला. सह्याद्रीतली जुनी प्रथा. एआय सांगतंय."

"माझ्या बापाच्या तोंडी हा शब्द कधी नव्हता," सावळेराम म्हणाला. "तूच जुळवलास."

"तुमी साठीत बाराखडी गिरवली, काका. तुमाला काय ठावं?"

सावळेरामची कानशिलं तापली. "मग इचार त्याला, मुरकांडण म्हंजी काय."

भरतनं विचारलं. मोबाइलमधली बाई लगेच बोलली, "मुरकांडण म्हणजे भातलावणीनंतर बांधावर नाचणीचा नैवेद्य ठेवण्याचा पारंपरिक विधी."

"झालं! हा शब्द मी आत्ता हितं बसून केला. त्याला आय न्हाई, बा न्हाई. ह्याचा पडकौल तसलाच!"

माणसं खदखदून हसली. भरतचं तोंड उतरलं. तेवढ्यात खांबाला टेकलेली कुशाबाई, वाडीतली सगळ्यांत म्हातारी, खेकसली.

"असं कसं, सावळ्या? माझी सासू करायची की मुरकांडण. भाकर ठेवायची बांधावर."

"अगं काकी, मी केलाय तो शब्द!"

"तुज्या जन्माआधीचं हाय ते. गप बस."

"आता बोला, काका," भरत म्हणाला. "काकीला खोटं पाडता का?"

कुशाबाईला खोटं पाडायची कुणाची छाती? भराभर हात वर झाले. दुसऱ्या दिवशी ऐनाला करवत लागली.

"वाळवी लागंल तुज्या घराला," सावळेराम बुंध्यापाशी उभा राहून म्हणाला.

"सरका, काका. भुसा डोळ्यांत जाईल."

त्यानंतर सावळेरामनं कौल लावला नाही, आणि मागायलाही कुणी आलं नाही. त्याच्या बायकोनं, ठकूबाईनं, नवऱ्याच्या तिरडीला भरतचा खांदा लागू दिला नाही. सावळेराम वारला दोन हजार पंचवीसच्या मार्गशीर्षात, वद्य नवमीला.