बुधाजीच्या हातचं मटण

अमरावतीत बडनेरा रोडच्या मागच्या वस्तीत कोणालाही विचारा, मटण कोणाच्या हातचं खावं? लोक बुधाजीचं नाव घेतील. विचारायची गरज नाही म्हणा, बुधाजी स्वतःच सांगतो. गडी वीज खात्यात लाइनमन होता, आता रिटायर आहे. भर पावसात खांबावर चढला त्याचं कौतुक त्याला नाही, पण रविवारच्या मटणाचा विषय निघाला की अंगात येतं. "हे बाईमाणसाचं काम नाही," म्हणतो, "मटनाले माणसाचा हात लागते." तेव्हा आत मोरीपाशी त्याची बायको सुंदराबाई पातेली घासत असते. भांडी जरा जोरात आपटते, एवढंच.

या हिवाळ्यात भांडी आपटायलाही तिच्या अंगात जोर उरला नाही. डेंग्यू झाला. ताप उतरला, दवाखान्यातून घरी आली, डॉक्टर म्हणाले आता पथ्य काही नाही, सगळं खाऊ द्या. पण ही खाईल तर शपथ. खिचडी दिली तर दोन घास. शेजारच्या माणिकबाईनं वरण पाठवलं, ते चाखून बाजूला. "पोट भरलं" म्हणायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. चांगली भरल्या अंगाची बाई, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

रविवारी सकाळी अकोल्याहून लेकीचा, दीक्षाचा फोन आला. ती तिथं नोकरीला. बुधाजीनं सुंदराबाईच्या खाटेशेजारी बसूनच फोन स्पीकरवर लावला.

"बाबा, मी दुपारच्या गाडीनं येऊन राहिली. आईले घेऊन जाते अकोल्याले. तुमच्यानं होत नाही."

"काहून नाही होत?"

"तुमाले चहा तरी जमते का?"

"मटन जमते ना."

बोलून गेला बिचारा. दीक्षाही त्याचीच लेक. "मंग आज करा अन् आईले पोटभर जेवू घाला," ती म्हणाली. "जेवली तं राहू देईन. नाही तं तिची बॅग भरून ठेवा."

फोन ठेवून बुधाजीनं कपाटावरच्या बॅगेकडे पाहिलं. वस्तीतल्या रामरावची बायको अशीच पंधरा दिवसांसाठी म्हणून लेकाकडे गेली, ती अजून यायची आहे. रामराव आता पोळीला लोणचं लावून खातो आणि टीव्हीशी बोलतो. बरं, दीक्षाचं चूक होतं असंही नाही. तिच्याकडे सुंदरा दोन घास जास्त खाईल, लवकर उभी राहील. हे त्यालाही कळत होतं. तरी ती जाऊ नये असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती.

मफलर गुंडाळून तो खाटकाकडे गेला. पण रविवारी बोकड काय बुधाजीची वाट पाहत थांबतो? दुकानदार कुंदन सुरी पुसत होता.

"काका, आता येता? नळ्या हायेत अन् चार बोट्या."

"दे बाप्पा, काय असन ते दे."

घरी येऊन गडी गॅसपाशी उभा राहिला, आणि पहिला प्रश्न पडला की वाटण कुठं आहे? रविवारी तो स्वयंपाकघरात यायचा तेव्हा वाटीत वाटण तयार असायचं. कांदा चिरलेला, सांबार म्हणजे कोथिंबीर निवडून धुतलेली, मटण हळद-मीठ लावून झाकलेलं. हा फोडणी द्यायचा, पळी हलवायचा आणि वास सुटला की बाहेर जाऊन गप्पा ठोकायचा. ते वाटण येतं कुठून, हा विचार एवढ्या वर्षांत त्याच्या डोक्यात शिरलाच नव्हता. नळाला पाणी येतं तसं येत असेल.

"सुंदरा," त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पयले खोबरं भाजतेत का कांदा?"

खाटेवरून बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा आवाज आला. "मी काय सांगू? हे बाईमाणसाचं काम नाही."

घ्या! आता विचारायची सोयही राहिली नाही. बुधाजीनं कढई ठेवली, खोबरं टाकलं आणि तेलाची बरणी शोधायला वळला. बरणी सापडली तोवर खोबऱ्याचा कोळसा झाला होता.

"काय जळालं?" सुंदराबाई म्हणाली. "खोबरं का इज्जत?"

"खोबरं. इज्जत अजून हाय."

घरात दुसरं खोबरं नव्हतं. मग त्यानं शेंगदाणे भाजले, कांदा भाजला, लसूण सोलता येईना म्हणून निम्मा सालासकट टाकला आणि मिक्सर फिरवला. झाकण दाबून धरायचं असतं, हे त्याला कोण सांगणार? झाकण उडालं. वाटण भिंतीवर, फ्रिजवर, मफलरवर. भांड्यात राहिलं ते निम्मं, आणि त्याच निम्म्यावर बुधाजीनं रस्सा मांडला.

तेवढ्यात माणिकबाई मागच्या दारानं आली. तिचा भाजीचा मळा आहे, आणि मळ्यातल्या भाजीपेक्षा वस्तीतल्या बातम्या ती जास्त पोचवते. हातात वाडगं होतं, वालाचे आणि तुरीचे ओले दाणे सोलून आणलेले.

"सुंदराबाईसाठी आणले. उसळ करून द्या," म्हणाली आणि भिंतीकडे पाहून गप्प झाली. गप्प झालेली माणिकबाई फार धोक्याची.

बुधाजीनं पातेल्यात पाहिलं. रस्सा पाण्यासारखा, त्यात चार बोट्या लाजून तळाशी बसलेल्या. त्यानं वाडगं उचललं आणि सगळे दाणे मटणात ओतले.

"मटनात वाल?" माणिकबाईनं विचारलं.

"थंडीत असंच असते," बुधाजी ठासून म्हणाला. एकदा फेकलं की मागे हटायचं नाही, हा त्याचा जुना स्वभाव. मग फळीवर वाळल्या बरबटीचा, म्हणजे चवळीचा डबा दिसला. तीही मूठभर टाकली, न धुता, न भिजवता.

पण पातेलं खदखदायला लागलं आणि घरात वास सुटला. नळ्यांचा, शेंगदाण्याचा, हिरव्या दाण्यांचा. खाटेवर सुंदराबाई उठून बसली. स्वतःहून बसली. बुधाजीनं ते पाहिलं आणि मुद्दाम तिकडे पाठ केली, पाहतोय असं दिसलं तर पुन्हा झोपेल म्हणून.

माणिकबाईनं घरून भाकरी आणून दिल्या. बुधाजीनं ताट खाटेवर नेऊन ठेवलं आणि हातात पळी घेऊन उभा राहिला. सुंदराबाईनं भाकर चुरली, त्यावर रस्सा घेतला, घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"कसं झालं वं?"

"जेवू द्या ना."

दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. नळी उचलून चोखली. वाटी रिकामी झाली आणि तिनं ती पुढे केली. बुधाजी वाटी घेऊन आत गेला तो जरा वेळानं बाहेर आला. डोळे लाल होते. विचारलं असतं तर कांद्याचं नाव सांगितलं असतं त्यानं, पण कोणी विचारलं नाही.

दुसरी वाटी संपत होती तेव्हा दीक्षा आली. दारातच थांबली. आईचं ताट पाहिलं, आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

"हे आईनं केलं," ती म्हणाली.

"नाही वं, मी केलं."

"बाबा, मी याच घरात लहानाची मोठी झाली. वाटण आई करे, सारं आई करे, तुमी नुसती पयी हालवत होते. तुमच्या हातचं असतं तं आई दोन वाट्या जेवली असती का? तापातून उठलेल्या बाईले गॅसपाशी उभं केलं तुमी?" बोलता बोलता तिनं कपाटावरची बॅग खाली ओढलीसुद्धा. "आता तं मी नेतेच तिले."

आली का पंचाईत! जन्मात पहिल्यांदा गड्यानं खरंच काम केलं, आणि नेमकं त्याच दिवशी कोणी मानायला तयार नाही. बुधाजीनं सुंदराबाईकडे पाहिलं. ती मान खाली घालून नळी चोखत होती, साक्ष द्यायची तिला मुळीच घाई नव्हती. दारात माणिकबाई कान टवकारून उभी. तिच्यासमोर जे बोलशील ते दिवेलागणीपर्यंत रामरावापर्यंत जाईल, हे बुधाजीला पक्कं माहीत होतं. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

"दीक्षा, थांब," तो म्हणाला. "आजचं मी केलं. खोबरं जाळलं, मिक्सर उडवला, आत जाऊन भिंत पाहून ये. अन् आजच्या आधीचं सारं तुह्या मायनं केलं. मी नुसता नाव घेत फिरो. मले थे आज समजलं."

माणिकबाई श्वास घ्यायची विसरली. दीक्षा आत जाऊन भिंत पाहून आली. येताना तोंडावर ओढणी धरून हसत होती. "हे आईचं काम नाही," म्हणाली आणि बॅग पुन्हा कपाटावर टाकली.

सुंदराबाईनं नळी ताटात ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बाई ऐकायची नाही. "माणिकबाई, नीट ऐकू आलं ना वं तुले?" म्हणाली. "नाही तं आनखी एकदा बोलाले लावते त्याहिले."

"सारं ऐकलं," माणिकबाई म्हणाली आणि लगबगीनं निघाली. तिला आता पुष्कळ घरं फिरायची होती.

दीक्षा हातपाय धुवायला गेली. सुंदराबाईनं सरकून खाटेवर जागा केली. "सकायपासून उपाशी आहात तुमी. बसा."

बुधाजी बसला. तिच्याच ताटातला भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि घास तोंडात घातला. मीठ नावाला नव्हतं. लसणाची सालं टाळूला चिकटली. वाळकी बरबटी दाताखाली खड्यासारखी कचकन वाजली. तो चावायचा थांबला आणि बायकोकडे पाहत राहिला.

"सुंदरा, दोन वाट्या तू हे खाल्लं? काहून?"

सुंदराबाईनं दारापलीकडे पाहिलं, दीक्षा ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच म्हणाली, "मले कुठी जायचं होतं अकोल्याले?"