हवेच्या किल्ल्याची तपासणी

“फोटो पाठवले की भागतं, बाई. बाकी सगळीकडे चालतात,” किल्लेवाला म्हणाला.

“मला नाही चालत. ब्लोअर लावा.”

मुलांनी उड्या मारायचा हवेचा किल्ला तो भाड्याने द्यायचा. दुसऱ्या दिवशी वसाहतीचा मेळावा होता आणि मंडळाने यंदा बजावलं होतं, विमा नसेल तर किल्ल्यात मूल चढायचं नाही. मूल पडलं तर भरपाई कोण देणार, हा प्रश्न मंडळाला उशिरा का होईना पडला होता. म्हणून तो विमा कचेरीत आला आणि नेमका तपासणीबाईंच्या टेबलासमोर बसला. बाईंनी त्याला आवाजावरूनच ओळखलं. त्याने त्यांना ओळखायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्या दोन वेण्या घालणारी पोर होत्या.

“पूर्वी कधी अपघात?” बाईंनी विचारलं होतं.

“छे हो. आजवर एकाही पोराला साधं खरचटलेलं नाही.”

“असंच लिहू?”

“डोळे झाकून लिहा,” म्हणत त्याने ऐटीत सही ठोकली. चोर आपल्या पायांनी चालत आला होता.

बाईंच्या लहानपणी याच मैदानात एकदा वारा सुटला आणि किल्ला मुलांसकट उलटला. तीन दोर खुंट्यांना होते, चौथा किल्लेवाल्याने खुर्चीच्या पायाला बांधला होता. बाईंचा धाकटा भाऊ खाली सापडला. त्याचं कोपर मोडलं ते पुन्हा सरळ झालंच नाही. पण बाईंनी डूख धरला तो त्यापुढच्या गोष्टीचा. हा कमरेवर हात ठेवून वडिलांना म्हणाला, “पोरगं सांभाळता येत नाही तर आणता कशाला?” आणि वडिलांनी, कण्हणारं पोर खांद्यावर घेऊन, उलट याचीच माफी मागितली. वडील गेले, ती माफी मात्र बाईंच्या घशात तशीच अडकून राहिली.

आता त्याच मैदानात किल्ला फुगून उभा राहिला. बाईंनी खुंट्या हलवून पाहिल्या, दोर ओढून पाहिले. खोट निघेना. म्हातारपणी का होईना, माणूस शिकला होता.

“आता एक शेवटची चाचणी. तुम्ही आत जा, मी हवा बंद करते. बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघायचंय.”

“मी? या वयात?”

“पोरं जातात ना?”

मालकाने आत जावं असं नियमात कुठेही नव्हतं. तो नियम बाईंचा स्वतःचा. किल्लेवाल्याने चपला काढल्या, धडपडत तो आत गेला, मधोमध पोचला आणि बाईंनी बटण दाबलं. बुरुजांनी माना टाकल्या. छत खाली आलं. आत एक मोठा उंचवटा चाचपडत फिरू लागला.

“बाई, चालू करा. वाट सापडत नाही.”

“करते. आधी सांगा. याच मैदानात तुमचा किल्ला उलटला होता. एक पोरगं खाली सापडलं होतं. आठवतं?”

उंचवटा थांबला. इतकी वर्षं बाई याच क्षणाची वाट पाहत होत्या.

“कुठलं?” आतून दबका आवाज आला. “मुलगी होती का?”

“मुलगा होता. कोपर मोडलं त्याचं.”

“कोपराची दोघं होती, बाई. शाळेतला एक आणि... एक आणखी कुठला तरी. खरंच आठवत नाही हो.”

बाईंनी ब्लोअर लावला. आता त्याला कोंडून ठेवण्यात काही राहिलं नव्हतं. तो रांगत बाहेर आला तेव्हा त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

“विमा मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “एकालाही खरचटलं नाही म्हणून सही केलीत, आता स्वतःच्या तोंडाने जखमी पोरं मोजून दाखवलीत. मंडळालाही कळवते आणि बाकीच्या कंपन्यांनाही.”

“पोटावर पाय देऊ नका, बाई.”

“पोरगं सांभाळता येत नाही तर आणता कशाला, असं माझ्या वडिलांना म्हणाला होतात तुम्ही.”

“म्हटलं असेन,” तो चपला शोधत म्हणाला. “सगळ्यांनाच म्हणायचो.”

सूड पुरता घेऊन झाला होता. तरी परतताना बाईंना कुणीतरी आपल्यालाच लुबाडल्यासारखं वाटत होतं, आणि त्या रागाला आता जायला जागा नव्हती.

धाकट्याच्या इस्त्रीच्या दुकानात कपड्यांचा ढीग पडला होता.

“काय झालं गं ताई?”

“बुडवला त्याला. परत कुठे किल्ला उभा करत नाही तो.”

धाकट्याने शर्टाची कॉलर उलटवली. मग वर न बघताच विचारलं, “मी आठवलो का त्याला?”

“आठवलास की. नुसता विषय काढला तर म्हणाला, तो पुढचे दात पडलेला, सारखा हसणारा मुलगा ना?”

“हसत होतो खरा मी तेव्हा,” धाकटा म्हणाला. वाकड्या हाताने शर्ट दाबून धरून तो दुसऱ्या हाताने इस्त्री फिरवत राहिला.