सुचण्याचा तास

थोरलीने धाकटीचं वेळापत्रक करून दिलं आणि त्यात संध्याकाळचा एक तास ‘सुचणे’ या कामाला राखून ठेवला. थोरली गोदाम सांभाळायची. मागवलेला माल ठरल्या वेळी दारात आलाच पाहिजे, असा तिचा खाक्या. कल्पनाही तिने त्याच हिशेबाने मागवली होती.

धाकटीला मातीचे मुखवटे करायचा नाद होता, त्यावर थोरलीने अटही घातली. महिनाअखेरपर्यंत मातीचा एक तरी मुखवटा पुरा झाला नाही, तर मातीची बादली शेजारच्या शाळेला जाणार आणि त्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट येणार. “दंतवैद्य व्हायचंय ना तुला? मग अर्धवट काही ठेवू नकोस बाई, इथेही नाही आणि लोकांच्या तोंडातही नाही.”

धाकटी हो म्हणाली. माती सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती, पण ताईच्या घरात राहून ताईशी वाद घालणार कोण?

तो तास मोठा कडक पाळला जाई. टीव्ही बंद, कुकर बंद. भावोजी स्वतःच्याच घरात चोरासारखे चवड्यांवर चालत. थोड्या थोड्या वेळाने दार किलकिलं होई.

“मेहुणीबाई, आलं का काही?”

“येत होतं, भावोजी. तुम्हाला बघून परत गेलं.”

खरं तर येत काहीच नव्हतं. दिवसभराची व्याख्यानं, रुग्ण, सरांची बोलणी यांतून घरी आलेलं डोकं त्या तासात चक्क डुलक्या काढायचं. माती मळून मळून लोण्यासारखी झाली, पण तिला नाक काही फुटेना.

महिना सरत आला तेव्हा कॉलेजच्या दवाखान्यात एक आजोबा आले. त्यांना कवळी हवी होती. धाकटीने ओल्या मसाल्यात त्यांच्या तोंडाचं माप घेतलं, त्या मापात प्लॅस्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत बसून राहिली. एवढ्या वेळात बाकीची मुलं मोबाइल बघतात. धाकटीच्या हाताशी गुलाबी मेणाचा तुकडा पडला होता. बोटांनी तो उचलला आणि वेळापत्रकाला न विचारता त्याचं कपाळ केलं, भुवया केल्या, गाल ओढले.

प्लॅस्टर कधीच घट्ट झालं होतं. मापाचा मसाला वाळून कडक होईपर्यंत धाकटीला पत्ताच नाही. घाईघाईने प्लॅस्टरचा साचा ओढून काढला, तर आजोबांचे उरलेसुरले दोन दात, म्हणजे प्लॅस्टरचे, मापातच मोडून राहिले.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी मेणाचा चेहरा चिमटीत धरला. “ही कोणती दाढ म्हणायची?”

“दाढ नाही सर. आजोबा.”

“अस्सं! मग आता खऱ्या आजोबांना फोन करा आणि पुन्हा बोलवा. का, ते तुम्ही सांगायचं. मी नाही.”

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. धाकटीने मान खाली घालून मेणाच्या चेहऱ्यासकट सगळी चूक सांगितली. “चालायचंच गं पोरी,” ते म्हणाले, “घरी तरी माझ्याकडे एवढं बघतंय कोण?” हे ऐकून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. हसताना त्यांचा अर्धाच चेहरा हसत होता. दुसरी बाजू ते जपत होते, झोपलेलं मूल खांद्यावर असलं की माणूस जपतो तशी.

या खेपेला साचा वेळेवर सुटला. जेवणाच्या सुट्टीत, बसची वाट बघताना, जमेल तेव्हा तिने मेणाचा एकच गाल मोडून पुन्हा केला.

महिनाअखेरीला थोरली मोजपट्टी घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. “दाखव.”

“मातीचं नाही गं झालं. आणि तुझा तो तासही मला नको, ताई. मला त्यात झोप येते.” धाकटीने रुमालातून चेहरा काढला. लिंबाएवढाच होता.

थोरलीने तो दिव्याखाली धरला आणि उलटसुलट करून पाहिला, मालात खोट शोधावी तसा. भावोजीही चवड्यांवर येऊन मागून डोकावले.

“कोण गं हे?” थोरलीने हळूच विचारलं. “यांची डावी दाढ फार दुखते का?”

 धाकटीने होकाराची मान हलवली.

“मग उपचार कर ना त्यांच्यावर, इथे काय उभी राहिलीस!” थोरली खेकसली आणि मोजपट्टी घेऊन कपाटासाठी दुसरी भिंत शोधायला गेली.