थेंबाच्या तळचा लाल

इमरानला रिकामी जागा बघवत नसे. अकोल्यात बसून तो लोकांचे आकडे स्क्रीनवर चित्रांत सजवून द्यायचा. कुणाची विक्री, कुणाची हजेरी. आकडा कितीही रडका असो, इमरानच्या डॅशबोर्डवर तो नटूनथटूनच यायचा.

एका रक्तपेढीचं काम त्याने असंच केलं होतं. प्रत्येक रक्तगटाला एक थेंब. साठा वाढला की लाल रंग वर चढे, घटला की उतरे. गर्दी नको म्हणून आकडे त्याने काढूनच टाकले. पण साठा संपला की थेंब पांढरा पडे आणि सगळी रांग बोडकी दिसे. म्हणून त्याने तळाशी बोटभर लाल कायमचा ठेवून दिला. पेढीचे देवानंदभाऊ खूश. "जमलं बा! आता कसं भरल्या घरावानी दिसते."

पुढे त्याची बहीण अनीसा बाळंत झाली. मुलगी झाली, पण अनीसाचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर बाहेर आले. "बी निगेटिव्ह लागेल. इथं मिळतंय, की अमरावतीहून मागवता? लगेच ठरवा."

इमरानने मोबाईल उघडला. बी निगेटिव्हच्या थेंबात तळाशी लाल होता. त्याचा जीव भांड्यात पडला. "इथंच आहे," तो म्हणाला आणि पेढीकडे धावला. तो लाल आपणच भरलाय, हे त्याला त्या घडीला आठवलंसुद्धा नाही.

खिडकीत मंजुषाताई होत्या. "बी निगेटिव्ह? नाही ना दादा, परवाच संपलं."

"स्क्रीनवर तं दिसून राहिलं!"

"तेवढं तं तिथं नेहमीच रायते. आमी तिकडं पायतच नाही."

आता इमरानला तळचा तो बोटभर लाल आठवला. चिडायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने अमरावतीच्या कुंदनला, आपल्या जुन्या मित्राला फोन लावला.

"अनीसाले बी निगेटिव्ह पाह्यजे. आत्ताच्या आत्ता."

"थांब, इथल्या पेढीचं मोबाईलवर दिसते. पाहून सांगतो."

"स्क्रीन पाहू नको!" तो एवढ्याने ओरडला की मंजुषाताई उठून उभ्या राहिल्या. "खिडकीवर जा. पिशवी हातात घे. मंगच फोन कर."

रक्त आलं, पण उशिरा. अनीसा वाचली, तिचं गर्भाशय मात्र काढावं लागलं. आधी मागवलं असतं तर कदाचित टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने तळचा लाल पुसला. थोड्या वेळात देवानंदभाऊंचा फोन. "काहून बा? उघडंबोडकं दिसून राहिलं ना."

"दिसू द्या," इमरान म्हणाला.