सुतळीचं कारण

डॉक्टर प्रेंटिस घोड्यावर चढायला लागला की व्हर्ना दुसरीकडे तोंड फिरवायची. हसू दाबायचा तिला दुसरा उपाय सापडला नव्हता. आधी तो ओंडका शोधायचा, ओंडक्यावर उभा राहायचा, घोड्याला "आता हलू नकोस बरं का" अशी विनवणी करायचा आणि मग धान्याचं पोतं टाकावं तसं स्वतःला खोगिरावर टाकायचा. ओहायोमध्ये लोकांचे दात उपटून त्याने बक्कळ पैसा केला होता आणि त्यातला बराचसा अंगावर घालून तो वायोमिंगच्या डोंगरात एल्क नावाचं थोरलं हरीण मारायला आला होता. टोपीपासून बुटांपर्यंत सगळं पानापानांच्या नक्षीचं, सगळं कोरं करकरीत. रोज सकाळी माणसाचा वास घालवणाऱ्या खास साबणाने तो अंग पुसायचा आणि लगेच घामट घोड्यावर बसायचा.

तीस वर्षं व्हर्ना असल्या शहरी शिकाऱ्यांना घोड्यांवरून वर नेत होती आणि त्यांच्या शिकारीसकट खाली आणत होती. वकील, दंतवैद्य, गालिचे विकणारे. घोड्यावर लादायचं आणखी एक ओझं, एवढीच तिच्या लेखी त्यांची किंमत. हे ओझं मात्र जरा जास्तच बोलकं निघालं.

"व्हर्ना, रात्री घोड्यांच्या पुढच्या पायांना हे पट्टे कशाला बांधता?"

"नाच शिकवतेय त्यांना."

"आणि घंटा एकट्या पर्लच्याच गळ्यात का?"

"तिला गाण्याची आवड आहे, डॉक्टरसाहेब."

तो मनापासून हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. लाज म्हणून नव्हतीच त्याला. खरी उत्तरं द्यायला व्हर्नाचं काही बिघडत नव्हतं. पायबंद घातला की घोडी फार लांब चरायला जात नाहीत, आणि घंटावालीच्या मागे बाकीची राहतात, बस्स. पण ज्याला खोगिराची पुढची बाजू कुठली हे कळायला दोन दिवस लागले, त्याच्यापुढे कुठे तोंड वाजवायचं, असं तिला वाटे.

पर्ल ही तिची करडी घोडी. तिला जन्म देऊन आई मेली तेव्हा व्हर्नाने ते शिंगरू स्वयंपाकघरात, चुलीजवळ ठेवून बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. त्या आधी आणि नंतर मिळून व्हर्नाचे दोन नवरे निघून गेले; पहिल्याच्या वेळी ती थोडी रडली, दुसऱ्याच्या वेळी तिने कुलूप बदललं. पर्ल मात्र गेली तर आपलं काय होईल, याचा विचारसुद्धा ती करत नसे. ओझ्याच्या तीन घोड्यांत पर्ल नेहमी पुढे, तिच्या मागे हँक, सगळ्यात शेवटी डस्टी. पर्लचा दोर व्हर्नाच्या हातात. हँकचा दोर पर्लच्या खोगिराला आणि डस्टीचा हँकच्या खोगिराला, पण थेट नाही. खोगिराच्या मागे बारीक सुतळीचा एक फास असतो, दोर त्याला बांधायचा. कड्यावरच्या वाटेवर एखादा घोडा घसरला तर सुतळी तट्कन तुटते आणि तो एकटाच जातो. बाकीचे वाचतात.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरने नेमकी ती सुतळी बोटांत धरली.

"एवढं छान सामान तुमचं, व्हर्ना, आणि इथे ही कुजकी सुतळी? का?"

"पैसे कुठायत हो डॉक्टर! गरीब बाई मी. दोर परवडत नाही, मिळेल त्या सुतळीवर भागवते."

या वेळी तो हसला नाही. गंभीरपणे मान हलवली. याला विनोदही कळत नाही, असं म्हणत व्हर्ना घेवडा उकळायला गेली आणि एकटीच हसत राहिली.

चौथ्या दिवशी त्याने एका गोळीत एल्कचा मोठा नर पाडला. आंधळ्याचा नेम, असं ती मनात म्हणाली; खरं तर तिच्या गिऱ्हाइकांत असा नेम तिने चारपाच वेळाच पाहिला होता. दुपारभर ती मांस कापून पिशव्या भरत होती. तो तळावर घोड्यांपाशी काहीतरी खुडबुड करत होता, आणि पायात घोटाळत नाही हेच पुष्कळ म्हणून तिने त्याला तिकडेच राहू दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी बर्फ भुरभुरायला लागलं. उतरायची घाई होती. मांस पर्ल आणि हँकवर, शिंगं आणि तंबू डस्टीवर. ओझी लादून, ताडपत्र्या आवळून ती विस्तव विझवायला गेली, आणि परत येते तो डॉक्टरने मागचे दोन्ही घोडे जोडून टाकले होते.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"चार दिवस बघत होतो," तो लाजत म्हणाला. "बघा ना, बरोबर आहे का."

तिने गाठ ओढून पाहिली. गाठ अगदी बरोबर होती. हिरड्या शिवणाऱ्याची बोटं ती. चूक काढायला मिळाली नाही म्हणून व्हर्नाचं डोकं तडकलं. ताडपत्रीची कड उचलून गाठ सुतळीलाच बांधलीय ना ते बघायचं, हे ती तीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. पण आता बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं आपण त्याचं काम तपासतोय, कौतुक करतोय. "चला," म्हणून तिने घोड्यावर टांग टाकली.

कड्यावरच्या वाटेत, जिथे एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला दीडशे फूट घसरडा उतार आहे, तिथे डस्टीचा मागचा पाय बर्फावरून सुटला. व्हर्नाने वळून पाहिलं. शिंगांसकट डस्टी कडेवरून खाली गेला, आणि ती सुतळी तुटण्याची वाट बघत राहिली. सुतळी तुटली नाही. दोर ताणला, हँक मागच्या मागे ओढला गेला. मग पर्ल. पर्लने चारही पाय रोवले, मान लांब केली आणि व्हर्नाकडे बघितलं. व्हर्नाचा स्वतःचा घोडा कडेला सरकायला लागला होता. तिने मूठ उघडली.

ती खाली पोचली तेव्हा डस्टी मेला होता. हँक अंग सोलवटून, थरथरत, पण उभा होता. पर्लचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते आणि तरी ती उठायला बघत होती. तिच्या आणि हँकच्याही खोगिराच्या मागे सुतळी नव्हती. बोटाएवढी जाड, निळीनारिंगी, गिर्यारोहकांची नवी कोरी दोरी होती, नीट दुहेरी बांधलेली. तिला साधा ओरखडाही आला नव्हता.

व्हर्नाने पर्लच्या कपाळावर हात ठेवला, काहीबाही बोलली, आणि कमरेचं पिस्तूल काढून जे करायचं ते केलं.

डॉक्टर उतारावरून बसत, घसरत आला. हात रक्ताळले होते. "दोरी मी बदलली," तो म्हणाला. "काल. तुम्हाला न सांगता. ती सुतळी... ती कशासाठी होती?"

"तुटावी म्हणून."

तो बर्फात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. व्हर्ना वाट बघत होती. आता हा म्हणणार, तुम्हीच म्हणालात परवडत नाही म्हणून. म्हटलं असतं तर तिला त्याचा मनसोक्त तिरस्कार करता आला असता, तोंडाला येतील तेवढ्या शिव्या देता आल्या असत्या. त्याने ते म्हटलं नाही. डोळे पुसून तो उठला आणि हँकच्या पाठीवरचं ओझं सोडवायला लागला.

संध्याकाळी पायथ्याशी तिचा भाऊ हॉइट ट्रक घेऊन उभा होता. पाचांऐवजी तीन घोडे, हँक रिकामा, आणि बहिणीचा चेहरा बघून त्याने काय झालं ते ओळखलं. तिने चार वाक्यांत सांगितलं.

"सुतळीच्या जागी दोरी?" हॉइट ओरडला. "कुठल्या गाढवाने बांधली?" आणि त्याने डॉक्टरच्या नक्षीदार टोपीपासून बुटांपर्यंत नजर फिरवली. उद्या सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक टेबलावर ही गोष्ट पोचणार होती आणि लोक पोट धरधरून हसणार होते.

"मी," डॉक्टर म्हणाला. "चूक माझीच आहे."

"तुमची नाही तर कुणाची? अहो, एवढं कळत नाही तर आधी विचारायचं माणसाने!"

डॉक्टरने मान खाली घातली. व्हर्ना हँकचं खोगीर उतरवत होती. तिचे हात थांबले.

"विचारलं होतं त्याने," ती म्हणाली. "मी त्याची टिंगल केली."