धुतलेलं कापड

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या बागामोयोहून निघताना मिहायोच्या तांड्यात चाळीस हमाल होते, आता एकोणतीस उरले होते. बाकीचे पटकीने वाटेतच गेले. तांड्याला वाट दाखवता दाखवता मिहायो पार थकला होता.

पुढच्या गावाने कुंपणाचं दार काट्यांनी बंद केलं होतं. आतून मुकादम ओरडला, "तिथंच थांब! रोग घेऊन आलायस."

"आत नाही येत, बाबा. बाहेरून जाऊ दे."

"जा की. आधी वाटेचा कर म्हणून सरदाराचं कापड ठेव."

माणसांना दार बंद, कापडाला मात्र उघडं! मिहायोला हसूही येईना. नवं कापड मागच्या गावांनीच संपवलं होतं. मेलेल्यांच्या अंगावरचं पांढरं पांघरूण तेवढं उरलं होतं. त्याने तेच काठीवर टांगून कुंपणावरून दिलं.

"हे मळकं? सरदाराला चिंध्या देतोस? लाज नाही वाटत?" कापड परत त्याच्या अंगावर येऊन पडलं. "धुऊन आण!"

वाद घालायचं त्राण कुणात होतं? गड्यांनी ते ओढ्यात बडवून धुतलं, झुडपांवर वाळवलं. मुकादमाने हात फिरवून पाहिलं. "आता कसं!"

तांडा निघाला. गावाच्या खालच्या अंगाला एक बाई त्याच ओढ्यात घागर बुडवत होती. मिहायोचे पाय थबकले.

"बाई, आज हे पाणी पिऊ नका."

ती पलीकडूनच हसली. "का रे? बघितलं नाहीस, तुमचं मळकं कापड याच पाण्यात कसं पांढरंशुभ्र निघालं ते?"